सेल भरा, पुन्हा भरा. पण आधी हिशेब करा!

दोस्तांनो, आज एक काम करा. वही-पेन्सिल घ्या आणि घरातले सेल मोजा. भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट, गजराचं घड्याळ, टॉर्च, बाबांच्या संगणकाचा बिनवायरीचा माऊस, आजीचं रक्तदाब मोजायचं यंत्र, धाकट्याची रिमोटवर पळणारी मोटार, दिवाळीत लावलेली आणि नंतर माळ्यावर गेलेली दिव्यांची माळ... मोजता मोजता आकडा वीसच्या पुढे कधी गेला ते कळणारही नाही. आणि यातला प्रत्येक सेल कधी ना कधी संपणार, कचऱ्यात जाणार आणि त्याच्या जागी नवा आणावा लागणार!

आपल्याकडे कित्येक घरांत टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्या पोटात घालायच्या नळकांड्याला 'सेल'. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव 'विद्युतघट'. आपण आज दुकानदाराला चटकन कळणारा शब्द वापरू, सेल. आणि त्यातही बोलू ते पेन्सिल सेलबद्दल, ज्याच्या अंगावर 'एए' असं छापलेलं असतं. जाडी साडेचौदा मिलिमीटर, उंची साडेपन्नास मिलिमीटर. जगात कुठेही घ्या, मापं हीच.

अलीकडे दुकानांत या पेन्सिल सेलचा एक नवा भाऊ दिसू लागला आहे. दिसायला अगदी तसाच, पण त्याच्या अंगाला एक बारीकशी खाच असते. मोबाईलच्या वायरीसारखी वायर त्या खाचेत घालायची, दुसरं टोक संगणकाला जोडायचं, की सेल पुन्हा भरू लागतो. वेगळा चार्जर नको, काही नको. मुलं म्हणतात, "बाबा, एकदाच घ्यायचा, मग कायमची कटकट मिटली!" बाबा किंमत बघतात आणि म्हणतात, "एवढ्या पैशांत साधे तीस सेल येतील!" आता यात खरं कोणाचं?

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण नेमकं किती, ते पाहायचं तर आधी या सेलची जन्मकथा ऐकायला हवी.

टोपी काढणारा सेल

२००६ साली ब्रिटनमधल्या मोइक्सा एनर्जी नावाच्या छोट्या कंपनीने एक गमतीदार सेल बाजारात आणला. नाव 'यूएसबीसेल'. त्याला हिरवी टोपी होती. ती उघडली की आतून संगणकाला जोडायचा चपटा प्लग बाहेर यायचा! सेल थेट संगणकाच्या बाजूला खोचायचा आणि पाचएक तास विसरून जायचं. टोपी घातली की पुन्हा हा आपला सभ्य पेन्सिल सेल. तेव्हा त्याचं फार कौतुक झालं. बिनवायरीचे माऊस नुकतेच टेबलाटेबलावर येऊ लागले होते आणि ते सेल फस्त करायचे. माऊस संगणकाशेजारी, संगणकात वीज, मग सेल तिथेच का भरू नये? कल्पना झकास होती, यात शंका नाही.

संगणकातून वीज देणारी ही खाच आली कुठून? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाच्या पाठीमागे नुसता गोंधळ असे. छपाई यंत्राची खाच वेगळी, कळफलकाची वेगळी, माऊसची वेगळी. तो संपवण्यासाठी सात कंपन्यांनी मिळून एकच जोडणी ठरवली. तिची पहिली नियमावली जानेवारी १९९६ मध्ये आली. तीच यूएसबी. ती घडवणाऱ्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट यांचं नाव पहिलं घेतात आणि त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण झालं बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, बरं का! या जोडणीतून माहिती तर जातेच, शिवाय ५ व्होल्ट दाबाची थोडी वीजही मिळते. जुन्या खाचेतून मिळणारा प्रवाह अर्ध्या अँपिअरपर्यंत. पंखा फिरवायला ही वीज नगण्य, पण सेलचं पोट भरायला पुरेशी.

आता टोपीवाल्या सेलची अडचण पाहा. सेलची उंची-जाडी तर ठरलेली. आत प्लगही बसवायचा, ५ व्होल्टची वीज सेलला सोसेल अशी करणारं छोटं सर्किटही बसवायचं. मग वीज साठवणाऱ्या मसाल्याला जागा उरणार किती? टिफिनच्या डब्यात चमचा, रुमाल आणि पाण्याची बाटली कोंबली तर पोळी-भाजी कमीच मावणार ना? तसंच झालं. त्या काळात चार्जरवर भरायचे चांगले पेन्सिल सेल २००० ते २५०० मिलिअँपिअर-तास इतकी वीज साठवत. टोपीवाल्याची क्षमता होती १३००. म्हणजे सोय मिळाली, पण पोट जवळजवळ अर्ध्यावर आलं.

हा 'मिलिअँपिअर-तास' शब्द ऐकून दचकू नका. खिशात किती वेळ पुरेल एवढी वीज आहे, हे सांगणारा तो आकडा. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल २०० मिलिअँपिअर प्रवाह साधारण दहा तास देईल. एवढं समजलं तरी दुकानात तुम्हाला कोणी फसवणार नाही. (एका ठिकाणी फसवू शकेल, पण ते पुढे येतंच आहे.)

लाकूड आणि झोपाळा

साधा सेल संपला की संपला, आणि हा मात्र शेकडो वेळा भरतो, असं का?

साध्या सेलचं बाहेरचं भांडं जस्ताचं असतं. सेल वीज देतो तेव्हा हे जस्त हळूहळू खर्ची पडतं. चुलीत लाकूड जळतं तसंच समजा. लाकडाची राख झाली की राखेचं पुन्हा लाकूड करता येत नाही. फार दिवस रिमोटमध्ये विसरलेला सेल चिकट होऊन फुटतो, तो यामुळेच. आपलं भांडंच तो आतून खात असतो!

भरायच्या सेलमध्ये मात्र झोपाळ्याचा खेळ आहे. सगळ्यात जास्त मिळणारा प्रकार म्हणजे निकेल मेटल हायड्राइड. त्याच्या एका बाजूला धातूंचं असं मिश्रण असतं, की ते हायड्रोजनला स्पंजासारखं पोटात धरून ठेवतं. सेल वापरला की हा हायड्रोजन तिथून निघून दुसऱ्या बाजूच्या निकेलच्या संयुगात जातो. बाहेरून उलटी वीज दिली की तो मुकाट्याने आपल्या जागी परत येतो. झोपाळा तिकडे गेला, इकडे आला. दर खेपेला थोडी झीज होते, म्हणून शेकडो फेऱ्यांनंतर तोही थकतो. अशी परत फिरणारी रसायनं वापरून पहिला भरायचा घट गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये केला, शिसं आणि आम्ल वापरून. स्कूटर आणि मोटारींत आजही त्याचेच वंशज असतात.

निकेलच्या सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि साध्यावर १.५. मग कमी दाबाचा सेल चालेल का? बहुतेक वस्तूंना चालतो. कारण साधा सेल १.५ वर सुरुवात करतो खरा, पण वापरता वापरता घसरत घसरत १ व्होल्टपर्यंत खाली येतो. निकेलचा सेल मात्र बराच वेळ १.२ च्या आसपास टिकून राहतो. सुरुवातीला जोरात पळून मग धापा टाकणारा एक आणि एका चालीने चालणारा दुसरा. काही हट्टी यंत्रं मात्र १.२ व्होल्ट पाहून लगेच 'सेल संपला' अशी खूण दाखवतात, त्याला इलाज नाही.

आणखी एक खोड पूर्वी या सेलला होती. भरून कपाटात ठेवला तरी आपोआप रिकामा व्हायचा. महिनाभराने काढावा तर बऱ्यापैकी वीज गायब! २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने 'एनेलूप' नावाचे सेल आणले. वर्षभर नुसते पडून राहिले तरी सुमारे ८५ टक्के वीज शिल्लक राहते, असा त्यांचा दावा होता. त्यानंतर इतर कंपन्यांनीही तसे सेल काढले. माझ्या मते टोपीवाल्या सेलपेक्षा हा शोध कितीतरी मोठा, पण त्याला टोपी नव्हती, म्हणून त्याचे फोटो कमी छापले गेले!

चार आण्यांची कोंबडी

आता आई-बाबांनीही जवळ येऊन बसावं, कारण पैशांचा हिशेब सुरू होतो आहे.

२००० मिलिअँपिअर-तासांच्या निकेलच्या सेलमध्ये किती वीज मावते? २ गुणिले १.२, म्हणजे २.४ वॅट-तास. भरताना काही वाया जाते, म्हणून आपण चांगली दुप्पट धरू, ५ वॅट-तास. आपल्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे एका युनिटात असा सेल २०० वेळा भरतो! युनिटला १० रुपये पडतात असं समजलं, तर एकदा सेल भरायचा खर्च फक्त ५ पैसे. पाच पैशांत आज काय मिळतं? पाच पैशांचं नाणंसुद्धा मिळत नाही.

उलट साध्या सेलमधली वीज केवढ्याला पडते पाहा. साध्या जस्ताच्या पेन्सिल सेलमध्ये एक वॅट-तास वीज असते असं ठोकळमानाने धरू. मग एक युनिट वीज सेलमधून मिळवायची तर हजार सेल लागतील. सेलला १२ रुपये धरले तर एका युनिटचे झाले १२,००० रुपये! वीजबिलातल्या विजेपेक्षा ही वीज कितीतरी महाग. फक्त ती चिमूट चिमूट घेतो, म्हणून झोंबत नाही.

एवढं वाचून तुम्ही लगेच सेल संगणकाला जोडायला पळाल. थांबा. संगणक आधीच चालू आहे का?

टेबलावरचा मोठा संगणक पडद्यासकट तासाला ८० वॅट-तास वीज घेतो असं समजू. काही कमी घेतात, काही जास्त. सेल भरायला पाच तास लागणार. म्हणजे नुसता सेल भरण्यासाठी संगणक चालू ठेवला तर ४०० वॅट-तास, सुमारे ४ रुपये. सेलच्या पोटात गेली ५ पैशांची वीज आणि संगणकाने खाल्ली चार रुपयांची! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी म्हण आहे, इथे तर मसाला ऐंशीपट झाला. लॅपटॉप कमी खातो, पण तत्त्व तेच. बरं, संगणक झोपवून ठेवला तर कित्येक संगणकांच्या खाचेतली वीजही बंद होते. सकाळी उठून पाहावं तर सेल उपाशी.

म्हणून ताई संगणकावर तिचा अभ्यास करतेच आहे, तेव्हा शेजारी सेल जोडून ठेवला तर उत्तम. नाहीतर तीच वायर मोबाईलच्या चार्जरला लावा. त्यातूनही ५ व्होल्टचीच वीज येते आणि तो स्वतःसाठी फारशी खात नाही. 'संगणकाला जोडायचा सेल' हे नाव खोक्यावर शोभून दिसतं इतकंच.

घड्याळ आणि मोटार

वीज तर फुकटात पडली म्हणा. मग खरा खर्च कसला? सेलच्या किमतीचा. आणि तो वसूल होतो तो एकाच गोष्टीने: सेल किती वेळा भरला जातो.

आपण काही किमती धरून चालू. तुमच्या गावात वेगळ्या असतील, तर तुमचे आकडे घाला. साधा सेल १२ रुपये. चार्जरवर भरायचा निकेलचा सेल २०० रुपये आणि त्याचा चार्जर ६०० रुपये. वायरीने भरायचा सेल ४०० रुपये, वायर त्याच्याबरोबर येते.

आधी धाकट्याची मोटार घेऊ. तिला चार सेल लागतात आणि दर रविवारी ते संपतात. साध्या सेलचा खर्च आठवड्याला ४८ रुपये. वर्षाचे बावन्न आठवडे, म्हणजे जवळजवळ अडीच हजार रुपये! वर्षाच्या शेवटी २०८ मेलेले सेल. वायरीचे चार सेल घेतले तर १६०० रुपये. ४८ ने भागा, चौतिसाव्या आठवड्यात पैसे वसूल. चार्जर आणि निकेलचे चार सेल घेतले तर १४०० रुपये, तिसाव्या आठवड्यात वसूल. खरं तर थोडे आधीच, कारण मोटारीसारख्या खादाड वस्तूत साधा सेल फार लवकर मान टाकतो आणि भरायचा जास्त वेळ टिकतो. पुढची सगळी वर्षं जवळजवळ फुकट.

आता भिंतीवरचं घड्याळ. ते वर्षाला एक सेल खातं, तोही साधा. वर्षाचा खर्च १२ रुपये. त्यात ४०० रुपयांचा सेल घातला तर पैसे वसूल व्हायला लागतील तेहेतीस वर्षं! तोवर तुमची मुलं शाळेत जायला लागलेली असतील आणि तो सेल केव्हाच म्हातारा होऊन गेलेला असेल. रिमोटचंही तसंच. घड्याळ आणि रिमोट ही अल्पाहारी मंडळी. त्यांना साधा सेलच बरा.

ज्या माऊससाठी टोपीवाला सेल जन्माला आला, तो माऊसही आता अल्पाहारी झाला आहे. आजचे बरेच माऊस एका सेलवर कित्येक महिने चालतात. समस्या सुटायच्या आत समस्याच निघून गेली, असं विज्ञानात पुष्कळदा होतं.

मग भरायचे सेल कोणाला द्यायचे? रिमोटवरच्या मोटारी, खेळाचे बिनवायरीचे हातकंट्रोल, दिवसभर वाजणारा ट्रान्झिस्टर, रोज अंधारात लागणारी टॉर्च, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातली फिरणारी मॉडेलं आणि सणावाराला रात्र रात्र जळणाऱ्या सेलवरच्या माळा. आजीचं रक्तदाबाचं यंत्र रोज वापरात असेल तर त्यालाही, पण आधी यंत्राच्या पुस्तिकेत तसे सेल चालतात का ते वाचून.

चार्जर घ्यावा की वायरीचे सेल? वरच्याच किमतींनी करून पाहा. दोन सेल हवे असतील तर वायरीचे ८०० रुपयांत होतात आणि चार्जरसह निकेलचे १००० रुपयांत. तीन सेलांवर दोघंही १२०० वर येऊन बरोबरी! आठ सेल हवे असतील तर वायरीचे ३२०० आणि चार्जरवाले २२००. म्हणजे घरात खादाड वस्तू एखादीच असेल तर वायरीचे सेल परवडतात, आणि सेलचं कुटुंब मोठं असेल तर एक चांगला चार्जर आणून ठेवणंच शहाणपणाचं. शिवाय वायरीच्या सेलमधलं सर्किट बिघडलं तर अख्खा सेल फुकट जातो. चार्जर बिघडला तर सेल तरी शाबूत राहतात.

खोक्यावरचा मोठा आकडा

हल्ली जे वायरीचे सेल मिळतात त्यांतले पुष्कळसे निकेलचे नसून लिथियमचे असतात, म्हणजे मोबाईलच्या बॅटरीच्या जातीचे. या जातीच्या बॅटऱ्या सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणल्या आणि त्यामागच्या संशोधनाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लिथियमचा घट देतो ३.७ व्होल्ट. पेन्सिल सेलला हवेत १.५. म्हणून आत दाब उतरवणारं चिमुकलं सर्किट असतं.

आता ती मघाशी सांगितलेली फसगत. अशा सेलवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं २६००, ३०००, कधी त्याहून जास्त. शेजारी निकेलच्या सेलवर लिहिलेलं असतं २०००. साहजिकच वाटतं, हा दीडपट चालणार! पण बारीक अक्षरं वाचा. लिथियमवाल्याचा आकडा बहुधा मिलिवॅट-तासांचा असतो आणि निकेलवाल्याचा मिलिअँपिअर-तासांचा. एक आंबे किलोने मोजतो, दुसरा डझनाने. तुलना करायची तर निकेलच्या आकड्याला १.२ ने गुणा. २००० चे झाले २४०० मिलिवॅट-तास. म्हणजे २६०० वाला सेल दीडपट नाही, जेमतेम थोडासाच मोठा!

या सेलची जमेची बाजूही आहे. शेवटपर्यंत १.५ व्होल्ट देतो, त्यामुळे निकेलवर रुसणारी हट्टी यंत्रं यावर खूश असतात. पण शेवट आला की काही सेल पूर्वसूचना न देता एकदम बंद पडतात. साध्या सेलची टॉर्च आधी पिवळी होते, मंद होते, म्हणते, 'बाळांनो, माझं संपत आलं.' ही मात्र लख्ख उजेड देता देता पुढच्या क्षणी ठप्प. खेळण्यात ठीक आहे. पावसाळ्यात रात्री विहिरीकडे किंवा गोठ्याकडे जाणाऱ्याच्या हातात असं झालं तर?

आणि ट्रान्झिस्टरमध्ये हे लिथियमचे सेल घालताना जरा सबुरी. आतल्या सर्किटामुळे मध्यम लहरींची केंद्रं लावली की खरखर ऐकू येऊ शकते. आजोबांच्या बातम्यांत खरखर आली तर दोष रेडिओचा नाही, तुमच्या भेटीचा! त्यांना निकेलचे द्या.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या भागात धडकलं. खांब पडले, तारा तुटल्या, आणि कोकणातल्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस अंधार राहिला. अशा वेळी भरायचा सेल भरणार कुठून? म्हणून भरायचे सेल कितीही आवडले तरी टॉर्चसाठी अल्कलाइन सेलचं एक न फोडलेलं पाकीट घरात ठेवाच. हे सेल साध्यापेक्षा महाग, पण कित्येक वर्षं नुसते पडून राहिले तरी चालतात. पाकीट टॉर्चशेजारी ठेवा, टॉर्चच्या पोटात नको. तिथे फुटले तर टॉर्चही गेली.

एवढं मात्र सांभाळा

साधा किंवा अल्कलाइन सेल चार्जरमध्ये कधीही घालू नका. तो गरम होतो, गळतो, फुटूही शकतो. एकाच वस्तूत जुने-नवे, साधे-भरायचे असे मिसळून घालू नका. चार सेल एकत्र विकत घेतलेत ना, मग ते चौघे नेहमी एकत्रच राहू द्या. त्यांच्यावर १, २, ३, ४ लिहून ठेवा. लिथियमचा सेल भरताना उशीखाली, गादीवर ठेवायचा नाही, आणि फुगला किंवा खूप तापला तर मोठ्यांना सांगायचं.

पेन्सिल सेलच्याच मापाचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही बाजारात मिळतात, त्यांच्या अंगावर '१४५००' असा आकडा असतो. ते खेळण्यात किंवा रिमोटमध्ये बसतात अगदी फिट्ट, पण अडीचपट दाबाने वस्तू जळू शकते. व्होल्टचा आकडा वाचल्याशिवाय सेल घालू नका.

आणि घरात लहान बाळ असेल तर चपट्या बटण सेलकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. ते गिळले गेले तर दोन-तीन तासांतही अन्ननलिका आतून भाजते. शंका जरी आली तरी वाट न पाहता दवाखान्यात न्यायचं असतं.

संपलेल्या सेलचं काय? भरायचा सेलही एक दिवस संपतोच. त्याच्यावर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र छापलेलं दिसेल. अर्थ सोपा आहे: मला घरच्या कचऱ्यात टाकू नका. भारतात २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम लागू आहेत आणि जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर टाकलेली आहे. तेव्हा दुकानदाराला विचारा, किंवा तुमच्या नगरपालिकेच्या ई-कचरा संकलनात द्या. तोवर घरात एका प्लॅस्टिकच्या बरणीत जमा करा, टोकांवर चिकटपट्टी लावून. शेकोटीत टाकणं म्हणजे तर फटाका फोडणंच.

आता त्या सुरुवातीच्या यादीकडे वळा. यंदा घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या सेलवर शाईपेनाने तारीख घाला आणि यादीत त्या त्या वस्तूपुढे तीच तारीख लिहा. दिवाळीपर्यंत थांबा. घड्याळापुढे बहुधा एकच तारीख असेल. जिच्यापुढे दहा-बारा तारखा साठल्या असतील, ती वस्तू तुमच्या घरची खादाड. वही घेऊन बाबांकडे जा आणि भरायचे सेल पहिल्यांदा तिच्यासाठीच मागा.